तो खंयचो? : वाक्यक्रमाच्या सरावाच्या नोंदी

२ जून

कालपासून मासेमारी बंद झाली. ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक होड्या समुद्रात जाणार नाहीत. सगळ्या वर ओढून शाकारून ठेवल्यात. आमच्या बागेतला शेवटचा आंबाही उतरला, पेट्या भरायचं काम संपलं, त्यामुळे सकाळ मोकळी मिळते. बँक पीओची, म्हणजे बँकेतल्या प्रोबेशनरी ऑफिसर पदाची, पूर्वपरीक्षा ऑगस्टच्या उत्तरार्धात धरून चालले आहे. तोवर रोजचे पहिले दोन तास एकाच गोष्टीला द्यायचे: विस्कटलेली इंग्रजी वाक्यं क्रमाने लावणं. आम्ही सगळे त्याला पॅरा जम्बल म्हणतो.

पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न आणि २० मिनिटं. एका प्रश्नाला ४० सेकंद. पाच विस्कटलेली वाक्यं आणि त्यांतलं पहिलं कुठलं, दुसरं कुठलं असे पाच प्रश्न, असा संच आला तर त्याच्या वाट्याला ३ मिनिटं २० सेकंद. गेल्या आठवड्यात घड्याळ लावून असे सहा संच सोडवले. ३० पैकी ११ बरोबर. चुकलेल्या १९ प्रश्नांचे पाव-पाव गुण वजा केले की हातात उरतात ६.२५.

या आकड्यापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त लागली. एकही शब्द अडला नव्हता. प्रत्येक वाक्य सुटं वाचलं तर पूर्ण कळत होतं, तरी क्रम चुकला. म्हणजे दुखणं शब्दसंग्रहात नाही. ते शोधायचं तर दुसऱ्याने कापलेलं जोडत बसून भागणार नाही, स्वतः कापून बघायला हवं.

म्हणून ठरवलं ते असं. पाच-पाच वाक्यांचे ४० इंग्रजी परिच्छेद लिहायचे. विषय आपल्या माहितीतले: आंबा, होड्या, रेल्वे, आणि बँकिंगमधलं जे वाचते आहे ते. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर एकेक वाक्य लिहून चिठ्ठ्या कापायच्या. मालवणची मैत्रीणही हेच करणार. मी लिहिलेलं ती सोडवेल, तिचं मी. फोटो फोनवर. वहीत तीन रकाने: वेळ, बरोबर किती, चुकलं तर का. तिसरा रकाना रिकामा सोडायचा नाही, ही अट मी स्वतःला घातली आहे.

६ जून

पहिले चार परिच्छेद पाठवले. दुपारी मैत्रिणीचा निरोप आला: "अगो, हापूसवाली वाक्यं कुठल्याही क्रमाने लावली तरी चालतात."

पुन्हा वाचलं. तिचं खरं होतं. मी लिहिलं होतं की हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; ते सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना आहे; अल्फान्सो हे नाव पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्कवरून पडलं; कलम बांधून झाड वाढवतात; आंबा वाशीला जातो. पाचही वाक्यं खरी, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. प्रत्येक आपल्या जागी एकटं उभं.

हे मला लिहून बघितल्याशिवाय कधीच कळलं नसतं. मी आजवर परिच्छेद म्हणजे एका विषयावरची चार-पाच वाक्यं असं समजत होते. परीक्षेतही तसंच वाचत होते: विषय एक आहे ना, मग लाव कसंही.

सगळं काढून टाकलं आणि एकाच कलमाची गोष्ट लिहिली. मोहोर येतो. त्यातल्या थोड्याच मोहोराला फळ धरतं. जी फळं धरतात ती घळाने (काठीला लावलेल्या झेल्याने) उतरवतात, म्हणजे खाली पडून मार लागत नाही. उतरवलेली आढीत घालतात. पिकू लागली की पेटीत. आता एक चिठ्ठी हलवली तरी लगेच खटकतं, कारण प्रत्येक वाक्य मागच्याचं काहीतरी हातात धरून आलं आहे.

१० जून

मैत्रिणीच्या एका संचात दोन चिठ्ठ्या अशा होत्या. एकीत 'अ बोट' वाळूवर पडून आहे. दुसरीत 'द बोट' मे महिन्यापासून समुद्रात गेलेली नाही. मी दुसरी आधी लावली. चूक.

तिसऱ्या रकान्यात 'का' लिहायला बराच वेळ बसले. शेवटी सापडलं. मी चिठ्ठी वाचली की मनातल्या मनात मराठी करते. मराठीत दोन्हीकडे नुसती होडी. 'अ' आणि 'द' मी उंबऱ्यावरच काढून ठेवते, आत येऊच देत नाही. आपल्या भाषेत ती जागा नाही, म्हणून ते शब्द मला आजवर सजावटीसारखे वाटत आले.

आता मुद्दाम मराठी करताना 'अ' ला "एक" आणि 'द' ला "ती, मघाची" असं म्हणून बघते. एक होडी वाळूवर पडली आहे. ती मघाची होडी मेपासून समुद्रात गेलेली नाही. असं म्हटलं की क्रम उलटा लावताच येत नाही. ऐकायला बोजड आहे, पण मला कुणाला ऐकवायचं नाही.

एक सावधगिरी मात्र लिहून ठेवते. प्रत्येक 'द' मागे बघत नाही. 'द सी', 'द सन', 'द रिझर्व्ह बँक' ही ऐकणाऱ्याच्या मनात एकच असतात, त्यांना आधी ओळख करून द्यावी लागत नाही. असा 'द' पहिल्या वाक्यातही येतो.

११ जून

रात्रभर पाऊस, सकाळपासून वीज नाही. फोन बंद. जुन्याच चिठ्ठ्या पुन्हा लावल्या, पण क्रम पाठ झालेला असल्याने उपयोग नाही. आपलेच परिच्छेद दुसऱ्यांदा सोडवायचे नाहीत.

१५ जून

आज जे झालं ते सविस्तर लिहिते.

पडवीत बसून मैत्रिणीचा संच लावत होते. आजी शेजारी फणसाच्या आठळ्या सोलत होती. तिने विचारलं, काय वाचतेस एवढं, मोठ्याने वाच. आजीला इंग्रजी येत नाही. मी चिठ्ठ्या हाताला येतील तशा मराठी करून वाचू लागले.

पहिली वाचली: दुसऱ्या होडीवाल्याला ती दिसली तेव्हा अंधार पडला होता. आजी म्हणाली, "दुसरो? मगे पयलो खंयचो?" म्हणजे, दुसरा? मग पहिला कुठला?

पुढची: तिथे दुरुस्तीला दोन दिवस लागले. "थंय म्हणजे खंय?"

त्याच्या पुढची: त्याने दोर फेकला आणि ती बंदरापर्यंत ओढत आणली. "तो खंयचो? आणि कोणाक वढल्यान?"

मग: इंजिनात पाणी शिरलं होतं. "कसल्या इंजनात?"

शेवटची: विजयदुर्गच्या खाडीत एका मच्छीमाराची होडी संध्याकाळी बंद पडली. यावर आजीने काही विचारलं नाही. नुसतं "हं" म्हणाली, आणि लगेच, "ह्याच पयला. आधी ह्या सांगूचा, मगे बाकीचा."

मग मी एकेक चिठ्ठी परत वाचली आणि तिने क्रम लावून दिला. खाडीत होडी बंद पडली, इंजिनात पाणी शिरलं होतं, दुसऱ्याला ती दिसली, त्याने ओढून आणली, तिथे दोन दिवस लागले. पाचही जागा बरोबर.

मी किती वेळ तशीच चिठ्ठ्यांकडे बघत राहिले. मी प्रत्येक वाक्याचा अर्थ लावत होते. आजी अर्थ लावत नव्हती, ती वाक्याला काय कमी पडतंय ते विचारत होती. ज्या वाक्याला तिने काहीच विचारलं नाही ते पहिलं. आणि तिच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या कुठल्यातरी एकाच चिठ्ठीत होतं. उत्तराची चिठ्ठी आधी, प्रश्नाची नंतर. एवढंच करायचं होतं.

आजीने आयुष्यभर माणसांच्या गोष्टी ऐकल्या आहेत, आणि कोकणात कुणी गोष्ट मधूनच सुरू केली की ऐकणारा त्याला थांबवून "तो खंयचो?" विचारतोच. मीही बोलताना विचारते. इंग्रजी समोर आलं की विचारायचं विसरते, कारण छापील वाक्याला प्रश्न करायचा असतो हे कधी मनातच आलं नव्हतं.

उद्यापासून प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आजीचा प्रश्न लिहायचा.

१८ जून

तीन दिवसांत ९ संच. ४५ पैकी ३१. वेळ मात्र खूप जातो, संचाला सहा-सात मिनिटं. सध्या वेळेकडे बघत नाही.

आजीच्या त्या बैठकीतली एक गोष्ट नंतर लक्षात आली. 'दोर फेकला' या चिठ्ठीवर इंग्रजीत 'इट' होतं. मी वाचताना "ती" म्हटलं. विचार न करता म्हटलं, कारण डोक्यात होडी होती. म्हणजे मराठी करतानाच मी त्या 'इट' चा मालक ठरवून टाकला होता आणि मला ते कळलंही नव्हतं.

इंग्रजीत वस्तूला एकच 'इट'. आपल्याकडे तीन दारं आहेत. आंबा असेल तर तो, पेटी असेल तर ती, कलम असेल तर ते. मराठी करायला गेलं की यातलं एक दार निवडावंच लागतं, आणि मागचं नाम माहीत असल्याशिवाय निवडता येत नाही. जिथे निवडता येत नाही आणि जीभ अडखळते, तिथे वाक्य मागे कुणालातरी शोधतंय हे नक्की. मराठी करण्याची जी सवय 'अ' आणि 'द' पुसून टाकते, तीच सवय 'इट' च्या बाबतीत उपयोगी पडते. मला याचा फार आनंद झाला. इंग्रजीच्या तयारीत मराठीत विचार करणं बंद करा, असंच आजवर ऐकत आले आहे.

आज आंब्याच्या संचावर करून बघितलं. एका चिठ्ठीत 'इट' रातोरात वाशीला पोचतं. तो, ती, की ते? तीन नामं तीन चिठ्ठ्यांत: आंबा, पेटी, फळ. तिन्ही घालून बघितली. आधीच्या वाक्यात पेटी ट्रकवर चढते आहे, म्हणून ती. जोडी लागली.

तसंच 'दिस' चं. एकटं 'दिस' आलं, पुढे नाम नाही, तर मराठीत बहुतेकदा "हे" होतं, आणि ते एखाद्या वस्तूकडे बोट दाखवत नाही, मागच्या अख्ख्या वाक्याकडे दाखवतं. 'दिस' नंतर नाम आलं तर हा, ही, हे यातलं एक. 'सच' म्हणजे असा, अशी, असे. त्याच्या आधी निदान एक नमुना यायला हवा. 'द फॉर्मर' आणि 'द लॅटर' आले तर मागच्या वाक्यात मोजून दोन वस्तू शोधायच्या, तीन असतील तर ती जोडी नव्हे.

काही 'इट' मात्र कुणाचेच नसतात. 'इट इज क्लिअर दॅट' किंवा पाऊस पडतो म्हणतानाचं 'इट'. मराठी केलं की ते विरघळून जातात, तिथे दार निवडावंच लागत नाही. असं वाक्य पहिलंही येऊ शकतं.

आणखी एक. 'बिफोर इट रीचेस द मार्केट, अ मँगो' असं सुरू होणारं वाक्य मैत्रिणीने मुद्दाम घातलं. सर्वनाम आधी, नाम त्याच वाक्यात नंतर. सर्वनामाने सुरू होणारं वाक्य पहिलं नसतं, असा नियम मी वहीत पूर्वी उतरवून घेतला होता. तो खोडला. मराठीत म्हणून बघितलं तर "बाजारात पोचायच्या आधी आंबा" असं सरळ निघतं, आजीने काही विचारलं नसतं.

२५ जून

युक्ती तुटली. कुठे तुटली ते नीट लिहिते.

मी चिंतामण द्वारकानाथ देशमुखांवर परिच्छेद वाचत होते. जन्म १८९६, महाडजवळच्या नाते गावचा. म्हणजे आपल्याच किनारपट्टीचा माणूस १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. बँकिंगच्या सामान्य ज्ञानात हे नाव येतंच, पण मला ते परीक्षेपलीकडेही जवळचं वाटतं. मैत्रिणीने त्यावर संच केला. एका चिठ्ठीत देशमुख जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या आंतरराष्ट्रीय अर्थपरिषदेला भारताच्या शिष्टमंडळात होते. दुसरीत तिथे ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले होते. तिसरीत 'दे' एक निधी आणि एक बँक यांची योजना घेऊन परतले.

मी मराठी केलं: "ते योजना घेऊन परतले." आणि ही चिठ्ठी थेट देशमुखांच्या वाक्याला जोडली. वडीलधाऱ्या, मानाच्या माणसाला आपण तेच म्हणतो. पण इंग्रजीत एका माणसाला 'ही' झालं असतं, कितीही मोठा असला तरी. 'दे' प्रतिनिधींचं होतं.

मराठी "ते" तीन कामं करतं: एक झाड, अनेक पुरुष, आणि एक आदरणीय माणूस. "ती" सुद्धा दोन: एक होडी, अनेक झाडं. म्हणजे जिथे मराठी "ते" किंवा "ती" येईल तिथे थांबायचं, परत इंग्रजी शब्दाकडे जायचं आणि 'इट', 'ही', 'शी', 'दे' यातलं नेमकं काय आहे ते बघायचं. क्रियापदही बघायचं: 'हॅज' की 'हॅव्ह'. ही तपासणी अजून सवयीची झालेली नाही. चिठ्ठीच्या कोपऱ्यात "ते" लिहिलं की त्याला गोल करते आहे.

नावांचं मात्र सोपं आहे. आधी पूर्ण नाव, मग नुसतं आडनाव, मग 'ही'. संस्थेचं आधी लांब नाव, मग लघुरूप.

३० जून

कोकण रेल्वेवरचा संच स्वतः केला होता, मैत्रिणीचा तिथे घोळ झाला आणि त्याबद्दल फोनवर बराच वेळ बोललो. मी सुरुवात केली होती २६ जानेवारी १९९८ पासून, तेव्हा ७४१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग खुला झाला. पुढचं वाक्य मागे जातं: त्यासाठीचं महामंडळ १९९० मध्येच स्थापन झालं होतं. मग अडचणी: करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल. तिने सालं बघून १९९० आधी लावलं.

सालाप्रमाणे लावायचं हा मोह मलाही होतो. इथे खूण होती 'हॅड बीन सेट अप' मध्ये. मराठीत "झालं होतं". झालं आणि झालं होतं यातला फरक आपल्याला जन्मापासून कळतो: झालं होतं म्हणणारा माणूस आधी दुसरं काहीतरी सांगून बसलेला असतो. आजीच्या होडीतही तेच होतं, इंजिनात पाणी शिरलं होतं, पण ते वाक्य होडी बंद पडल्याच्या नंतर आलं.

घडण्याचा क्रम वेगळा, सांगण्याचा क्रम वेगळा. प्रश्न सांगण्याच्या क्रमाचा असतो.

४ जुलै

आता वेळेकडे वळते आहे. आज हिशेब केला.

पाच वाक्यं १२० प्रकारे लावता येतात. एक जोडी पक्की झाली की ती एकच चिठ्ठी समजायची, उरतात २४. पहिलं वाक्यही सापडलं आणि ते त्या जोडीतलं नसेल तर उरतात फक्त ६. दोन जोड्या सापडल्या, पहिलं नाही सापडलं, तरी ६ च. म्हणून पाचही जागा एकदम शोधत बसायचं नाही. आधी सर्वांत घट्ट जोडी, मग पहिलं वाक्य, मग उरलेलं. मी आतापर्यंत पहिल्या वाक्यावरच अडून दोन-दोन मिनिटं घालवत होते.

पेन्सिलीचे प्रश्न आता लिहीत नाही, मनात विचारते. संचाला सरासरी चार मिनिटं दहा सेकंद. अजून ५० सेकंद कमी करायचे आहेत.

१२ जुलै

आज विसंगत वाक्य ओळखण्याच्या प्रश्नांवर. पाच वाक्यांतून चार जुळतात, एक बाहेरचं. ते ओळखायचं.

ग्रामीण बँकांवर मी संच केला. भागभांडवल तिघांत वाटलेलं असतं. त्यातला निम्मा वाटा केंद्र सरकारचा. राज्याचा १५ टक्के. उरलेला ३५ टक्के प्रायोजक बँकेचा, म्हणजे जिने ती ग्रामीण बँक उभी केली त्या मोठ्या बँकेचा. आणि पाचवं बाहेरचं म्हणून टाकलं: २ ऑक्टोबर १९७५ रोजी पाच बँकांनी या योजनेची सुरुवात झाली.

मैत्रीण म्हणाली, हे बाहेरचं का? हे तर पहिलंच वाक्य होऊ शकतं, १९७५ ला सुरुवात झाली आणि त्यांचं भांडवल असं वाटलेलं असतं. मी वाद घातला, मग गप्प बसले. तिचं बरोबर होतं. बाहेरचं वाक्य खरंच बाहेरचं असायला हवं; दोन्हीकडे उभं राहू शकणारं वाक्य प्रश्नात घातलं तर तो सोडवणाऱ्यावर अन्याय आहे. त्या जागी नाबार्डच्या, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेच्या, स्थापनेचं वाक्य घातलं: १२ जुलै १९८२. बँकिंगचंच आहे, शेतीशी निगडित आहे, पण भांडवलाच्या वाटणीत त्याला शिरायला जागा नाही. आजच बारा जुलै आहे हे नंतर तिनेच दाखवलं.

परीक्षेतही बाहेरचं वाक्य विषयाबाहेरचं नसतं, ते त्याच विषयाचं पण दुसऱ्या धाग्याचं असतं. सारखा शब्द दिसला म्हणून आत घ्यायचं नाही. चार वाक्यं एकामागून एक वाचायची आणि पाचवं काढल्यावर कुणाचा प्रश्न अनुत्तरित राहतो का ते बघायचं. कुणाचाच राहत नसेल तर तेच बाहेरचं.

मैत्रीण ग्रामीण बँकेचीही परीक्षा देणार आहे. तिच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजी नाही, मुख्य परीक्षेत इंग्रजी किंवा हिंदी निवडता येतं. तिने इंग्रजी निवडायचं ठरवलं आहे. महिन्यापूर्वी हिंदी म्हणत होती.

१९ जुलै

पैसे भरून घेतलेल्या एका सराव मालिकेत आज एक संच मिळाला ज्याचे दोन क्रम बरोबर होतात. मी चार वेळा तपासला. मैत्रिणीने स्वतंत्रपणे सोडवला, तिचं उत्तर वेगळं आलं, आणि दोघींचीही बाजू टिकते. स्पष्टीकरणात फक्त क्रम दिला आहे, कारण दिलेलं नाही. मला राग आला, कारण जूनमध्ये असं झालं असतं तर मी माझीच चूक धरली असती. किती मुलं-मुली तशी धरत असतील.

रागाचा उपयोग म्हणून आम्ही आमचे आजवरचे २८ संच त्याच नजरेने तपासले. सहा संचांना दोन क्रम लागत होते. म्हणजे हे सहज होतं, ज्याने लिहिलं त्याला दिसत नाही, कारण त्याच्या डोक्यात एकच क्रम असतो.

सहापैकी एक उदाहरण. रेपो दरावरचा माझा संच. रिझर्व्ह बँक रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने उसने पैसे देते तो दर, वाढवते. त्यामुळे बँकांना पैसा महाग पडतो. बदलत्या दराची नवी गृहकर्जं ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाह्य मानकाशी जोडलेली असल्याने त्यांचे हप्ते वाढतात. लोक कर्ज कमी घेतात, मागणी घटते, किमती सावरतात. साखळी चांगली होती. मधे एक चिठ्ठी होती: ठेवींवरचं व्याजही वाढतं. त्यातलं 'ऑल्सो' कुठेही जाऊन बसत होतं, बँकांच्या वाक्यामागे किंवा हप्त्यांच्या वाक्यामागे. दुरुस्त केलं: कर्जदाराला जे जड जातं तेच ठेवीदाराला लाभतं. आता 'द बॉरोअर' आला, कर्जाचं वाक्य झाल्याशिवाय ही चिठ्ठी बसत नाही. एका शब्दाची खुंटी ठोकली आणि संच पक्का झाला.

ही दुरुस्ती करताना मला सोडवण्यापेक्षा जास्त शिकायला मिळालं असं वाटतं. आता दुसऱ्याचं वाक्य बघताना खुंटी आधी दिसते.

२७ जुलै

देवगडच्या वाचनालयात बसून पूर्ण २० मिनिटांचा पेपर, तीन वेळा. एक निर्णय घेतला. संचात दीड मिनिटात एकही पक्की जोडी मिळाली नाही तर तो सोडायचा. क्रम चुकला तर पाचही प्रश्न एकत्र कोसळतात, सव्वा गुण जातो आणि वेळही. आजच्या तीन पेपरांत एकदा सोडावा लागला. वाईट वाटलं, पण त्या वेळेत रिकाम्या जागांचे पाचही प्रश्न झाले.

परतताना एसटी नांदगाव तिठ्यावरून आलेली, खचाखच. उभ्याने मैत्रिणीने आतापर्यंत पाठवलेल्यांतला शेवटून दुसरा संच फोनवर लावला. काजूवर होता. बरोबर आला.

२ ऑगस्ट

काल मासेमारी सुरू झाली, पण वारा आहे, बऱ्याच होड्या अजून वरच आहेत.

चाळीस झाले. माझे ४०, तिचे ३७. तीन ती या आठवड्यात पाठवणार आहे. जूनमध्ये केले तसेच सहा नवे संच घड्याळ लावून सोडवले. ३० पैकी २४ बरोबर, ५ चुकीचे, १ सोडला. वजावट होऊन २२.७५. संचाला सरासरी ३ मिनिटं २५ सेकंद.

पाच चुकांची कारणं तिसऱ्या रकान्यात: दोन ठिकाणी 'द' निसटला, एका ठिकाणी सालामागे गेले, दोन ठिकाणी "ते". दोन्ही वेळा गोल केला होता आणि तरी परत इंग्रजीकडे बघितलं नाही. म्हणून उरलेले दिवस फक्त 'दे' आणि 'इट' एकत्र असलेले परिच्छेद. मैत्रिणीला तसेच तीन करायला सांगितले आहेत.

संध्याकाळी आजीला चाळिसावा वाचून दाखवला, मुद्दाम विस्कटून. तिसऱ्या चिठ्ठीवर तिने विचारलं, "ती म्हणजे झाडां काय माणसां?" चिठ्ठी उलटून बघितली. 'दे' होतं, आणि परिच्छेदात झाडंही अनेक होती, माणसंही. तो संच आता परत लिहायला घेते आहे.